गुलाबी पोवळं तपकिरी झालं तेव्हा

दुकानातून आणलं तेव्हा ते गुलाबी होतं. लाल पेरू कापल्यावर आत जो रंग दिसतो, अगदी तो. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, सिरॅमिकच्या गोल चकतीवर चिकटवलेला. पोसिलोपोरा त्याचं नाव. माझ्या पहिल्याच खरेदीतलं पोवळं, म्हणून कुणाचा धक्का लागणार नाही अशी खडकाच्या खालच्या पायरीवरची जागा शोधून ठेवलं. हा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. नोव्हेंबर लागला आणि एका सकाळी दिवे लागल्यावर बघते तर तुकडा चहाच्या चोथ्याच्या रंगाचा. एका रात्रीत झालं नसणार, पण मला दिसलं ते त्या सकाळी.

मेलं म्हणावं तर तसंही नव्हतं. लेकीचं भिंग घेऊन काचेला नाक लावून पाहिलं. अंगावर बारीक बारीक उंचवटे, त्यांवर आणि त्यांच्या मध्ये छिद्रं, आणि प्रत्येक छिद्रातून केसाएवढ्या बारा स्पर्शिका बाहेर आलेल्या, पाण्याबरोबर हलणाऱ्या. एकेक छिद्र म्हणजे एकेक जीव. सगळे जागे होते, हात पसरून बसले होते. फक्त गुलाबी रंग कुठे नव्हता.

मी मूळची कणकवलीची, गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत. इथे 40 गॅलनचा, म्हणजे साधारण 150 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक सुरू केला तो लेकीच्या हट्टापायी, पण दोन महिन्यांत तो माझाच झाला. रंगाचा धक्का मला इतका का बसला, त्याचं कारण आजीची माळ. आजीच्या गळ्यात पोवळ्याची माळ होती, मधे सोन्याचे मणी ओवलेली. तिच्या लग्नातली. ती गेली तेव्हा माळेला साठाच्या वर वर्षं झाली होती आणि रंग होता तसा होता. पोवळं म्हणजे लाल, आणि लाल तो कायमचाच, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. पत्रिकेत मंगळ असला की अंगठीत घालतात तेही तेच पोवळं.

पुढे कळलं की ते पोवळं वेगळं आणि माझ्या टँकमधलं वेगळं. दागिन्यातलं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, त्याचा लाल रंग त्याच्या हाडातच मुरलेला असतो. म्हणून जीव गेल्यावरही टिकतो, घासला की चकाकतो. प्रवाळभिंती बांधणाऱ्या पोवळ्यांची हाडं मात्र बहुतेक पांढरीशुभ्र, चुन्याची. जो काही रंग आहे तो त्या हाडावरच्या कागदाएवढ्या पातळ जिवंत कातडीत. जीव आहे तोवर रंग आहे, आणि जीव आहे म्हणूनच तो बदलतो. एवढं वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर पुढचे सहा महिने वाचले असते.

पण त्याआधी मला दुसऱ्या एका पोवळ्याने चकवलं होतं. पोसिलोपोराबरोबरच मी एक टॉर्च कोरल आणलं होतं. दुकानात ते हिरव्या ट्यूबलाइटसारखं पेटलेलं होतं. लांब लांब बोटं, टोकाला गोळे, आणि सगळं आतून उजळल्यासारखं. घरी आणून ठेवलं आणि दुपारच्या पांढऱ्या दिव्यात पाहिलं तर बोटं तपकिरी आणि टोकांवर जेमतेम हिरवट झाक. वाटलं, प्रवासात काहीतरी बिघडलं. रात्री दिव्याचा पांढरा भाग विझून नुसता निळा उरला, आणि तेच पोवळं दुकानात होतं तसं पेटलं.

तिथून वाचायला सुरुवात केली. पोवळ्याच्या कातडीत काही प्रथिनं असतात, ती निळा उजेड गिळतात आणि हिरवा, नारिंगी किंवा लाल उजेड बाहेर टाकतात. समुद्रात पाणी लाल उजेड वरच्या काही मीटरांतच पिऊन टाकतं, खोल जातो तो निळा. त्या निळ्यात राहणाऱ्या जीवाने निळ्यालाच दुसरा रंग द्यायचं काम अंगात बाळगलं आहे. दुकानातल्या दिव्यांत निळा भरपूर असतो, म्हणून तिथे ही प्रथिनं भडकून दिसतात. पांढऱ्या उजेडात बाकीचे रंग मिसळले की ती चमक दबते. पोवळं बदललेलं नसतं, आपण त्याला पाहतो तो उजेड बदललेला असतो.

या चमकणाऱ्या प्रथिनांतलं पहिलं सापडलं ते जेलीफिशमध्ये, 1962 मध्ये, ओसामु शिमोमुरा यांना. त्या हिरव्या प्रथिनाच्या शोधासाठी आणि त्यावरच्या कामासाठी शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला त्याहून भावली ती पुढची गोष्ट. लाल चमकणारं प्रथिन 1999 मध्ये रशियन संशोधकांनी जाहीर केलं, आणि त्यासाठी ते कुठल्या समुद्रात उतरले नव्हते. मॉस्कोतल्या हौशी माणसांच्या टँकमध्ये वाढणारी पोवळी त्यांनी तपासली होती. घराघरांतल्या काचेच्या पेट्यांतून आलेलं ते प्रथिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींच्या आतला व्यवहार बघायला वापरतात. माझ्या दिवाणखान्यातल्या टँककडे मी त्यानंतर थोड्या जास्त आदराने बघू लागले.

टॉर्चचं कोडं सुटलं. पोसिलोपोराचं सुटेना, कारण ते निळ्या दिव्यातही तपकिरी आणि पांढऱ्यातही तपकिरी.

पोवळी पाळणाऱ्यांच्या इथल्या क्लबात एक निवृत्त गृहस्थ आहेत, सत्तरीचे, वीसेक वर्षं पोवळी सांभाळणारे. माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून घरात त्यांचा उल्लेख मी ‘अण्णा’ असाच करते. त्यांनी मला समजावलं की पोवळ्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला. ते उजेडात साखर तयार करतं आणि बरीचशी पोवळ्याला देतं. पोवळ्याला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा या भाडेकरूकडून येतो. त्या शैवालाचा स्वतःचा रंग तपकिरी. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढलं की शैवाल फोफावतं, उजेड कमी पडला की पोवळं ते आणखी वाढवून घेतं, म्हणजे कमी उजेडातही घर चालतं. आणि गुलाबी रंग? तो पोवळ्याचा स्वतःचा, शैवालाचा नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1995 मध्ये या गटातल्या पोवळ्यांतून तो गुलाबी पदार्थ वेगळा काढला होता. पोसिलोपोरीन हे त्याचं नाव याच पोवळ्यावरून पडलेलं. तो चमकत नाही, नुसता रंगतो, आणि उजेड जोरात असला तरच पोवळं तो पुरेसा बनवतं. सावलीत ठेवलेल्या पोवळ्याला त्याची गरज पडत नाही.

म्हणजे मी जपून खालच्या पायरीवर ठेवलं, आणि तिथेच त्याचा गुलाबी रंग गेला. त्यात टँकमधलं पाणी. क्लबाचं मोजमाप यंत्र आणून पाहिलं तर फॉस्फेट 0.18 आणि नायट्रेट 25 पीपीएम. लेक माशांना मूठमूठ खाणं घालत होती आणि मी तिला थांबवत नव्हते.

आता इथे मी जे केलं ते सांगायलाच हवं, कारण नव्याने हा छंद धरणारे बरेच जण नेमकं हेच करतात. मला गुलाबी रंग परत हवा होता, आणि लवकर हवा होता. फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे मिळतात, ते पाकिटावर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट भरले. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. पाणी दर आठवड्याला एक चतुर्थांश बदललं. पोवळं खालून उचलून थेट वरच्या टोकावर ठेवलं आणि दिव्याचा जोर एका आठवड्यात दुप्पट केला. शैवालाला उपयोगी पडणारा उजेड मोजायचं मीटर भाड्याने मिळतं, त्यावर खालच्या जागी 90 आकडा होता, वरच्या जागी आता 300 च्या पुढे गेला. तीन आठवड्यांनी फॉस्फेट मोजलं. छोट्या कुपीत दहा मिलीलीटर पाणी, त्यात पुडी, दोन मिनिटं हलवायचं, यंत्रात ठेवून थांबायचं. पडद्यावर 0.00 आलं. मला आनंद झाला. नायट्रेटच्या चाचणीत पाणी रंगतं, जितकं गुलाबी तितकं नायट्रेट जास्त. त्या दिवशी कुपीतलं पाणी जवळजवळ रंगहीन होतं.

पोवळंही. पहिल्या आठवड्यात तपकिरी उतरून फिकट गुलाबी झालं, आणि मी फोटो काढून आईला पाठवला. दुसऱ्या आठवड्यात ती गुलाबी झाक दुधात पडलेल्या कुंकवासारखी दिसू लागली, नाजूक, सुंदर. तिसऱ्या आठवड्यात फांद्यांच्या वरच्या बाजू पांढऱ्या पडल्या. भिंगातून पाहिलं तर कातडी होती, पण इतकी पातळ की आतलं हाड दिसत होतं, आणि बारा हातांचे ते जीव मिटून आत बसले होते. दिवसाही, रात्रीही.

आईचा फोन आला. ती मालवणीतच बोलते. “रंग गेलो तर जांवदे, पण जिता आसा मां ता?” मला उत्तर देता आलं नाही. मी इतके दिवस रंगच मोजत होते.

अण्णांनी फोटो पाहिला आणि तासाभरात स्वतः आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शैवालाला जगायला नायट्रेट आणि फॉस्फेट लागतंच, दोन्ही लागतात, आणि फॉस्फेट शून्यावर गेलं की ते उपाशी पडतं. उपाशी शैवालावर अचानक तिप्पट उजेड आला की ते तो पेलू शकत नाही, आणि पोवळं त्याला बाहेर काढतं. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रवाळ प्रयोगशाळेने 2013 मध्ये दाखवलं की नायट्रेट आहे पण फॉस्फेट नाही अशा पाण्यातली पोवळी उष्णता आणि उजेडापुढे लवकर हार मानतात. त्याच प्रयोगशाळेने 2020 मध्ये दाखवलेली गोष्ट तर मला अजून सोडत नाही. शैवाल गेलं की पांढऱ्या हाडावर आपटून उजेड कातडीत परत परत फिरतो, आणि पोवळं स्वतःचे रंग आणखी जोराने बनवू लागतं, सावली धरल्यासारखं, म्हणजे शैवालाला परत येऊन राहता यावं. जी दुधात कुंकू पडल्यासारखी छटा मला सुंदर वाटली होती आणि जिचा फोटो मी आईला पाठवला होता, ती त्या जिवाने अडचणीत असताना धरलेली छत्री होती.

दाणे काढले. पाणी बदलणं दोन आठवडे थांबवलं. माशांना पोटभर खाणं सुरू केलं. दिव्याचा जोर एक तृतीयांशाने उतरवला, पोवळं अर्ध्या उंचीवर आणलं. तापमान 25 ते 26 अंश, क्षारता हजारी 35, अल्कलिनिटी साडेआठच्या आसपास, ही तीन मात्र रोज पाहत राहिले, कारण अण्णांच्या मते पोवळं कमी-जास्त सहन करतं, रोजची चढउतार सहन करत नाही. आणि मग वाट बघणं. या छंदात वाट बघण्यासारखं अवघड दुसरं काही नाही असं माझं मत झालं आहे.

साडेपाच आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, फांद्यांच्या बेचक्यांत हलकी तपकिरी छटा दिसली. काही महिन्यांपूर्वी जिला बघून मी घाबरले होते तीच. मी लेकीला हाक मारली आणि आम्ही दोघी काचेपुढे बसलो. शैवाल परत आलं होतं. घरात माणूस परतल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तपकिरी भागातल्या जिवांनी हात बाहेर काढले. फांद्यांची एकदोन टोकं मात्र गेली ती गेलीच, तिथे हाड उघडं पडून त्यावर हिरवी बुरशीसारखी शेवाळं चढली. ती खूण अजून आहे.

गुलाबी रंग आला तो त्यानंतर चार महिन्यांनी, आणि मी काही केलं म्हणून नव्हे. फॉस्फेट 0.05 ते 0.08 मध्ये, नायट्रेट 5 ते 10 मध्ये राहिलं, आणि पोवळं दर दोन आठवड्यांनी बोटभर वर सरकवत नेलं, एवढंच. रंग आधी उतरला दोन जिवांच्या मधल्या कातडीत. भिंगातून गुलाबी जाळं दिसायचं आणि जाळ्याच्या भोकांत तपकिरी ठिपके. दोन्ही रंग एकाच अंगावर, आपापल्या जागी. लांबून पाहिलं की ते मिसळून जुन्या वाईनसारखा गडद रंग दिसतो. दुकानातल्या पेरूच्या गरापेक्षा मला हा जास्त आवडतो.

दुसऱ्या वर्षी ते मुठीएवढं झालं तेव्हा कातरीने त्याचे तीन तुकडे केले. एक वर, दिव्याच्या थेट खाली. एक त्याच खालच्या पायरीवर. एक अण्णांना दिला. अडीच महिन्यांनी तिघांचे तीन रंग: वरचा गडद गुलाबी आणि टोकं साईच्या रंगाची, खालचा तपकिरी, नुसत्या शेंड्यांना गुलाबी, आणि अण्णांच्या टँकमधला जांभळ्याकडे झुकलेला. एकाच आईची तीन लेकरं, नव्हे, एकच जीव तीन ठिकाणी. मग मी वरचा आणि खालचा यांची अदलाबदल केली, या वेळी घाई न करता, आठवड्याला एक पायरी. वरचा खाली येताच तीन आठवड्यांत तपकिरी झाला. खालच्याला वर जाऊन गुलाबी व्हायला नऊ आठवडे लागले.

उजेडावर सगळं आहे असंही नाही. अण्णांकडे दुसऱ्या वंशाचं पोसिलोपोरा आहे, माझ्या तुकड्याच्या शेजारी, त्याच उजेडात. ते बिस्किटाच्या रंगाचं आहे आणि वीस वर्षांत तसंच राहिलं आहे असं ते सांगतात. साउदॅम्प्टनच्याच मंडळींनी 2015 मध्ये अ‍ॅक्रोपोरा जातीच्या पोवळ्यांत पाहिलं की लाल रंगाच्या जनुकाच्या प्रती काहींमध्ये जास्त कामाला लागलेल्या असतात, काहींमध्ये कमी. ज्यांच्यात जास्त ती भर उन्हात लालभडक, शेजारची फिकट, आणि दोन्ही जगतात. समुद्राला दोघांचाही उपयोग आहे. फिकट पोवळं रंग बनवायचा खर्च वाचवतं, लाल पोवळं उथळ पाण्यातल्या उन्हाला तोंड देतं.

गेल्या डिसेंबरात कणकवलीला गेले होते. पुण्याचा भाचा आला होता, माझे फोटो पाहून म्हणाला, “मावशी, मलाही असाच टँक करायचाय, कुठून आणू पोवळी?” त्याला स्पष्ट सांगितलं की समुद्रातून अजिबात नाही. प्रवाळभिंती बांधणारी पोवळी आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या बरोबरीने. मग त्याला घेऊन मालवणला गेले.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग करतात तिथे मी लग्नाआधी एकदा उतरले होते आणि निराश होऊन वर आले होते. पोवळी म्हणून दाखवलेले दगड मातकट, तपकिरी, शेवाळी. चित्रांत असतात तसे रंग कुठेच नव्हते. तेव्हा वाटलं होतं, आपला समुद्र खराब झालाय, इथलं सगळं मेलंय. या वेळी मुखवटा लावून उतरले, गढूळ पाण्यात हातभर अंतरावर गेले आणि तोच तपकिरी गोळा पाहिला. गाळाच्या पाण्यात उजेड कमी, म्हणून शैवाल भरपूर. कातडी अखंड, छिद्रं भरलेली, पांढरा डाग एकही नाही.

भाचा बाजूला त्याच्यावर पाय टेकणार होता, त्याला दंडाला धरून मागे ओढला. मालवणचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तरी रोज शेकडो पाय त्या पाण्यात उतरतात आणि दमलं की खाली टेकतात, कारण खाली दगडच दिसतो. तुम्ही गेलात तर कृपा करून टेकू नका. ते तपकिरी आहे म्हणजे ते जिवंत आहे.